आमच्याकडे नाहीत हो!

शिरूरमध्ये कुणाच्याही घरात झुरळं नाहीत. खोटं वाटत असेल तर घोडनदीच्या जुन्या पेठेपासून सुरुवात करा आणि थेट नव्या कॉलन्यांपर्यंत दारोदार विचारत जा. ‘आमच्याकडे? छे! आमच्याकडे कधीच नव्हती. वरच्यांनी भाडेकरू ठेवल्यापासून एखाददुसरं दिसतंय एवढंच.’ वरचे म्हणतात, खाली मेस आहे ना, तिथून पाइपातनं चढतात. मेसवाले मामा म्हणतात, किराण्याच्या खोक्यांतून येतात, मी काय करू? आणि किराणा दुकानदार तर हातच झटकतो: ‘माल पुण्याहून येतो. मार्केट यार्डात जाऊन विचारा.’ म्हणजे झुरळ हा शिरूर तालुक्याचा रहिवासी नाहीच. तो कायम पाहुणा, आणि तोही दुसऱ्याचा.

दौंडला माझी नणंद राहते. तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात आहे. रेल्वे. दौंड-मनमाड मार्ग 1878 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून दौंडात चांगलं-वाईट जे काही आलं ते गाडीनं आलं, अशी तिथल्या जुन्या लोकांची समजूत. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची दौंडला दिशा बदलायची. एका टोकाचं इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं, तोवर गाडी फलाटावर मुकाट उभी. प्रवासी चहाला उतरायचे. नणंदेच्या मते बर्थच्या फटीतले ढेकूणही त्या वेळात पाय मोकळे करायला उतरायचे, आणि त्यातले काही पुन्हा चढायचेच नाहीत. आता कॉर्ड लाइन झाल्यामुळे बऱ्याच गाड्या दौंडचं जुनं स्टेशन टाळून बाहेरच्या बाहेर जातात. मग ढेकूण कमी झाले का, असं मी एकदा विचारलं. ‘आलेले कुठं जाणार? त्यांची मुलंबाळं इथलीच की आता,’ ती म्हणाली.

हा नुसता शिरूर-दौंडचा स्वभाव असता तर मी लिहायलाही बसले नसते. पण आपल्या स्वयंपाकघरात फिरतं ते छोटं, तांबूस, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ आहे ना, त्याचा इतिहास वाचला आणि मला आमची गल्लीच आठवली. लिनीयसनं 1767 मध्ये त्याला शास्त्रीय नाव देताना जर्मनीच्या खात्यावर टाकलं. जर्मनीत काही भागांत लोक त्याला रशियन म्हणायचे, आणि रशियात त्याचं नाव प्रशियन. वरचे खालच्यांचं नाव घेतात, खालचे वरच्यांचं! दोनशे-अडीचशे वर्षं हे असंच चाललं. मग 2024 मध्ये संशोधकांनी जगभरची झुरळं गोळा करून त्यांची जनुकं तपासली. निष्पन्न काय झालं, तर हे झुरळ साधारण 2100 वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या बाजूला एका आशियाई रानझुरळापासून निपजलं, माणसाच्या घरात शिरलं आणि व्यापाऱ्यांच्या नि सैन्यांच्या सामानातून पश्चिमेला गेलं. म्हणजे अख्खा युरोप ज्याच्यासाठी एकमेकांकडे बोट दाखवत होता, ते गेलं होतं आपल्याकडूनच. ही बातमी मी गल्लीत कुणालाही सांगितलेली नाही. उगाच आपल्यावर यायचं.

आता झुरळं कुणाकडेच नाहीत, तरी शिरूरपासून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या खांबाखांबांवर ‘झुरळ, ढेकूण, वाळवी, उंदीर’ असे कागद चिकटवलेले दिसतात. खाली मोबाइल नंबर, आणि ‘वासरहित’, ‘घर सोडायची गरज नाही’ अशी आश्वासनं. ही माणसं कुणाच्या जिवावर जगतात, हा प्रश्न कुणालाही पडावा. आमच्याकडे येणारा मुलगा एका मोटरसायकलवर शिरूर, न्हावरा, केडगाव, दौंड असं सगळं सांभाळतो. त्याला या भागाची नाडी नेमकी सापडलेली आहे. फोनवर त्याचा पहिला प्रश्न रेटचा नसतो. ‘ताई, गाडी दारात लावू का जरा लांब लावू?’ त्याच्या टी-शर्टवर पाठीला झुरळाचं भलंमोठं चित्र आहे, त्यावर फुली. ते झाकायला तो भर मेमध्ये जाकीट घालतो. आणि गेल्यावर शेजारच्या काकूंनी ‘कोण आलं होतं गं?’ विचारलं की आपण सांगायचं, ‘आरओवाला.’ शिरूरमध्ये पाण्याची मशिनं बिघडतात तेवढी देशात कुठे बिघडत नसतील.

मी त्याला विचारलं होतं, ‘दादा, तुमच्या घरी असतात का हो झुरळं?’

‘नाही ताई,’ तो म्हणाला, ‘आमचा मालक खाली राहतो, त्याच्याकडून येतात.’

त्याचं काम मात्र बघत राहावं असं. घरात आल्याबरोबर त्यानं सिंकखाली वाकायला हवं, निदान मला तरी तसं वाटलं होतं. त्यानं आधी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. उलटं करून टेबलावर ठेवलं आणि मागच्या सेलच्या खाचेवर टॉर्च धरला. आत, सेलच्या शेजारी, चार जणांचं कुटुंब मिशा हलवत बसलं होतं. ‘ऊब असते इथं,’ तो म्हणाला. मग कॅलेंडरची मागची बाजू, फ्रिजच्या दाराचं रबर, मिक्सरचा तळ, ओट्याखालच्या कपाटाची बिजागरी. प्रत्येक ठिकाणी सिरिंजमधून जेलचा एक ठिपका, मसुराच्या दाण्याएवढा. मी म्हटलं, जरा जास्त टाका की. तर म्हणाला, ताई, हे जेवण आहे, लिंपण नाही.

त्यात खरंच जेवण असतं. गोडसर, चविष्ट पदार्थात फिप्रोनिल नाहीतर इमिडाक्लोप्रिड कालवलेलं. झुरळ ते खातं, पण जागेवर मरत नाही. आपल्या फटीत परत जातं आणि तिथे मरतं. मग त्याची विष्ठा आणि त्याचं कलेवर घरातली बाकीची मंडळी खातात, आणि तीही जातात. पूर्वी फवारा मारला की झुरळं ओट्यावर उताणी पडायची, आपल्यालाही पराक्रम केल्यासारखं वाटायचं. आता सगळं पडद्याआड. अंड्यांच्या डबीवर मात्र याचा काही उपाय चालत नाही. मादी ती डबी पोटाला लावून हिंडते, एकेका डबीत तीस-चाळीस अंडी. म्हणून हा पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. म्हणजे आरओ पुन्हा बिघडतो.

या जेलवरून त्यानं मला एक गोष्ट सांगितली. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये त्यानं ऐकली होती, मी नंतर शोधून खात्री केली. अमेरिकेत झुरळांच्या आमिषात ग्लुकोज घालत. काही वर्षांनी लक्षात आलं की काही झुरळं आमिषाला तोंडच लावत नाहीत. 1993 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की या झुरळांना ग्लुकोज नकोसं झालं आहे, आणि ही नावड पुढच्या पिढीत उतरते. 2013 मध्ये कारणही सापडलं. त्यांच्या जिभेची रचनाच अशी बदललीय (जीभ म्हणायचं आपलं, त्यांच्या तोंडाशी चवीचे केस असतात) की ग्लुकोज त्यांना कडू लागतं. ज्यांना गोड आवडत होतं ती मेली, ज्यांना आवडत नव्हतं ती उरली आणि वाढली. मी हे जेवताना घरात सांगितलं. आमचा सगळा ऊसपट्टा. न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना, पाटसला भीमा, मधल्या केडगाव-चौफुल्याच्या बाजूला जागोजाग गुऱ्हाळं. दिरांना डॉक्टरांनी साखर सोडायला सांगून युगं झाली, ते अजून चहात तीन चमचे घालतात. ‘झुरळानं सोडली बघा,’ जाऊबाई त्यांना म्हणाल्या. दिरांनी कप खाली ठेवला नाही. ‘त्यांच्यात सोडलेलीच उरली ना? मग मेले ते कोण, गोड खाणारेच ना? सुखात गेले असतील.’

उंदरांचं प्रकरण जरा नाजूक. एक तर शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती. दौंडकरांना भीमा ओलांडली की सिद्धटेक. दोन्हीकडे अष्टविनायक हाताशी असल्यावर त्यांच्या वाहनाला विष घालायचं म्हणजे जरा जड जातं. सासूबाई होत्या तोवर भाद्रपदात दहा दिवस पिंजरासुद्धा माळ्यावर असायचा. त्या दहा दिवसांत उंदीर राजरोस आरतीला आल्यासारखे देव्हाऱ्याखालून जायचे. अनंत चतुर्दशीची मिरवणूक परतली की त्याच रात्री पिंजऱ्याला भजं लागायचं.

दुसरं म्हणजे ऊस. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो, तोड पडते, आणि उसात मजेत राहणारे उंदीर नि घुशी बांधाच्या कडेनं घराकडे सरकतात. त्यांचं उभं घर आपण कोयत्यानं कापून मोळ्या बांधून कारखान्याला घातलेलं असतं, तेव्हा जातील कुठं? घुशीचं एक बरं असतं, ती लपवता येत नाही. ओसरीच्या कडेला रात्रीत पाटीभर माती वर काढून ठेवते. त्यामुळे घुशीबद्दल मात्र लोक मोकळेपणानं बोलतात.

पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराचं करायचं काय, याचा शिरूरकरांनी कायमचा निकाल लावलेला आहे. घोड नदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. पहाटे पिंजरा पिशवीत घालायचा, पूल ओलांडायचा, पलीकडे दार उघडायचं. थोडक्यात, जिल्ह्यातून तडीपार. आणि मौज अशी, की दौंडलाही भीमेच्या पुलापलीकडे नगर जिल्हाच आहे, नणंदेकडेही हीच पद्धत. पुणे जिल्ह्याच्या दोन गावांतून इतकी वर्षं उंदरांची अशी रवानगी चालू आहे. पलीकडची माणसं त्यांचे उंदीर पहाटे पुलावरून कुठे आणून सोडत असतील, याचा विचार करायला कुणी थांबत नाही.

विष घालायचं तर त्यालाही रीत आहे. कृषीवाले सांगतात, झिंक फॉस्फाइड एकदम द्यायचं नाही. उंदीर संशयी. आधी दोन-तीन दिवस भरड्यात तेल घालून नुसत्याच गोळ्या द्यायच्या, विनाविषाच्या. तो खाऊन बघतो, काही होत नाही, विश्वास बसतो. मग एके दिवशी खरी गोळी. ही पद्धत आमच्याकडे पंचायतीच्या निवडणुकीपासून सगळ्यांना पाठ असल्यामुळे समजावून सांगावी लागत नाही. सरकारदरबारचा हिशोब मात्र वेगळाच. मार्च 2018 मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत विचारलं, की मंत्रालयात सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारल्याचा हिशोब कसा काय? खुलासा असा आला, की तो आकडा उंदरांचा नसून गोळ्यांचा आहे. तिकडे मुंबई महापालिकेचे उंदीर मारणारे कर्मचारी हातात काठी आणि टॉर्च घेऊन रात्रभर गल्लीबोळ तुडवतात, एका रात्रीला 30 उंदरांचं उद्दिष्ट घेऊन. त्यांना सकाळी मेलेला उंदीर मोजून दाखवावा लागतो. गोळी दाखवून भागत नाही.

वाळवीची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी. झुरळ लपवतात, ढेकूण तर आई-वडिलांपासूनही लपवतात, पण वाळवी लागली की चारचौघांत सांगतात. ‘अहो, सागवानी चौकट होती, आजोबांच्या वेळची, पार खाऊन टाकली.’ वाळवीच्या निमित्तानं साग सांगता येतो. पेठेतल्या आमच्या एका नातेवाइकांच्या माडीला वाळवी लागली तेव्हा मी त्याच मुलाला तिकडे पाठवलं आणि मागोमाग गेले. त्यानं स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीनं चौकट ठोकत वरून खाली आला. ठक, ठक, ठक, आणि गुडघ्याच्या उंचीवर आवाज बदलला, खोल झाला. मग त्यानं टोक नुसतं टेकवलं. सगळा स्क्रू ड्रायव्हर आत गेला. बाहेर ऑइलपेंट शाबूत, चकचकीत, आणि पेंटच्या आत लाकूडच नाही. भिंतीच्या कडेनं बोटभर रुंदीची मातीची नळी वर चढलेली, तिचा तुकडा त्यानं नखानं उडवला तर आतून पांढुरके जीव भराभर बाहेर आले आणि परत आत पळाले. घरमालक मागे उभे राहून सागाचा इतिहास सांगत होते. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, ‘काका, पक्का साग असता तर एवढं खाल्लं नसतं.’

काकांनी त्याला चहा दिला, पण बिस्किटं काढली नाहीत.

उपाय खर्चिक असतो. भिंतीच्या पायथ्याशी फूट-फूटभर अंतरावर ड्रिलनं भोकं पाडायची, त्यांत औषध पंपानं सोडायचं, भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवायची. वाळवी प्रतिबंधासाठी भारतीय मानकही आहे, आयएस 6313. खरं तर घर बांधतानाच पाया भरायच्या आधी माती औषधानं भिजवली तर हे काम स्वस्तात होतं, पण त्या वेळी माणूस टाइल्सचा रंग निवडत असतो.

आणि याच वळणावर पेस्ट कंट्रोलवाल्याचा आमच्या भागातला खरा प्रतिस्पर्धी पुढे येतो. दुसरी कंपनी नव्हे, कृषी सेवा केंद्र. आमचे चुलत सासरे म्हणतात, ‘याला कशाला पैसे द्यायचे? क्लोरोपायरीफॉसच ना? उसाच्या हुमणीला आणलेलं गोठ्यात अर्धा कॅन पडलंय.’ आणि पाठीवरचा पंप काढून ते स्वतःच घरात सुरू होतात. हुमणीला जे मात्रेनं चालतं ते स्वयंपाकघरात कसं चालेल, हा प्रश्न त्यांना शिवत नाही. पुढे आठवडाभर घरात नाकाला रुमाल, आणि भाकरीलासुद्धा तो वास. इथे मात्र मी हसत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शेतात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, आणि ते उघड्या रानात. बंद खोलीत तर बोलायलाच नको. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली या धंद्याला परवाना लागतो, तो घेण्याआधी शिक्षण आणि प्रशिक्षण लागतं, ते यासाठीच. मी त्या मुलाला परवाना विचारला तेव्हा त्यानं तो मोबाइलवर लगेच दाखवला. म्हणाला, तुम्ही पहिल्याच. बाकी सगळे विचारतात, शेजारी कळणार नाही ना?

ढेकणांबद्दल नणंदेच्या सासूबाईंइतकं कुणाला माहीत नाही. त्यांच्या तरुणपणी मे महिन्यात अंगणात बाजा काढायच्या, दौंडच्या उन्हात दिवसभर उलट्या टाकायच्या, आणि संध्याकाळी पाय जमिनीवर आपटून गाठींवर उकळतं पाणी ओतायचं. नंतर टिक ट्वेंटी आलं. डीडीटी मारणारे सरकारी लोक हिवतापाच्या मोहिमेत यायचे, ते डासांसाठी, पण भिंतीतले ढेकूणही काही दिवस गप्प व्हायचे. मग ढेकूण डीडीटीला सरावले, पुढे बाकीच्या फवाऱ्यांनाही. 2023 मध्ये पॅरिसमध्ये ढेकणांचा एवढा बोभाटा झाला की मेट्रोत लोक सीटवर बसेनात. त्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, ‘त्यांच्याकडे बाजा नाहीत का उन्हात टाकायला?’ आणि थोड्या वेळानं, ‘ऊन तरी कुठंय म्हणा.’

या उन्हाळ्यात मात्र नणंदेच्या सोसायटीत झुरळांचं प्रकरण हातघाईवर आलं. तिसऱ्या मजल्यावर एकांनी गुपचूप पेस्ट कंट्रोल केलं, आणि आठवड्याभरात दुसऱ्या मजल्यावर गर्दी झाली. दुसऱ्यांनी केलं, ती पहिल्यावर आली. डक्टमधून, नळाच्या पाइपांच्या कडेनं, ड्रेनेजच्या जाळीतून. शेवटी त्याच मुलानं नणंदेला सांगितलं, की एकेक घर करून काही उपयोग नाही, अख्खी बिल्डिंग एका दिवशी करावी लागेल. त्यासाठी सभा बोलवावी लागणार, आणि सभेत आधी कुणीतरी कबूल करावं लागणार.

सभेला सगळे आले. विषयपत्रिकेवर पहिला विषय पाण्याची टाकी, दुसरा पार्किंग, आणि तिसरा ‘परिसर स्वच्छता’. तिसऱ्या विषयाला शांतता पसरली. मग सेक्रेटरींनी, जे रेल्वेतून निवृत्त झाल्यामुळे मसुदा लिहिण्यात तरबेज आहेत, ठराव वाचून दाखवला: सभासदांच्या सदनिकांत झुरळे नसली, तरी भविष्यातील खबरदारीचा उपाय म्हणून संपूर्ण इमारतीत एकाच दिवशी फवारणी करण्यात यावी. ठराव एकमतानं झाला, फक्त तळमजल्यावरच्या एका काकूंनी हरकत घेतली. त्यांच्याकडे खरंच एकही नाही, मग त्यांनी पैसे का द्यायचे? फोन स्पीकरवर होता, पलीकडे तो मुलगा.

‘काकू, मग तुमच्यापासूनच सुरू करतो,’ तो म्हणाला. ‘वरच्या तीन मजल्यांवर मारलं की सगळी तळमजल्यावरच येतात.’

काकूंनी पाकीट काढलं. पण पावतीवर फ्लॅट नंबर घालायचा नाही, एवढं मात्र त्यांनी लिहून घेतलं.